दोनशे चौसष्ट

इतवारीतून ह्यांनी ॲल्युमिनियमच्या दोन नळ्या आणल्या,
एकीत दुसरी सरकणाऱ्या,
सायकलला आडव्या बांधून.
वाटेत म्हणे एक रिक्षावाला ओरडला,
"काका, रस्ता मोजून राहिले का?"

मेचा दुसरा आठवडा. गच्चीवर उभं राहिलं
की चपलेचा तळ चिकटतो.
तरी दुपारभर वर ठोकाठोक.
चार कांबी खाली झुकवलेल्या, छत्रीच्या काड्यांसारख्या.
"ही जमीन," मला सांगितलं.
"तिसऱ्या मजल्यावर?"
"लहरीले काय कळते मजला!"

नळी आणि कांबी एकमेकींना लागू नयेत
म्हणून मध्ये एक जाड पांढरा तुकडा.
त्यावर सुरीचे चरे. बारीक, तिरपे, ओळखीचे.
माझा भाजी चिरायचा पाट आठवडाभर सापडत नव्हता.
मी काही बोलले नाही.
भेंडी ताटलीत चिरली.

ऊन उतरल्यावर मीटर, गच्चीतल्या स्टुलावर.
पाच वॅट, म्हणजे देवघरातल्या लाल दिव्याएवढा जीव.
पाठवलं त्यातलं परत किती येतं, ते काटा सांगतो.
एकास एक आलं, तर सगळं बाहेर गेलं.
काटा एकास तीनवर.
हे पान्ह्यानं पट्टा सैल करतात, नळी अर्धा सेंटीमीटर आत.
"आता?"
"तीन."
आणखी अर्धा.
"आता?"
"तीनच. थोडं कमी म्हणू का?"
"मनानं नको सांगू."

एकोणीस वर्षं मी ट्रंक एक्स्चेंजला होते.
कानाला हेडफोन, समोर भोकांची भिंत,
अकोला, बालाघाट, राजनांदगाव.
मनानं कधीच काही सांगितलं नाही.
लोकांची लेकरं झाल्याचं आधी मी ऐकलं,
माणसं गेल्याचंही,
आणि म्हटलं फक्त, "तीन मिनिटं झाली, वाढवायची का?"

तीन संध्याकाळी गेल्या.
दोनशे ऐंशीवरून दोनशे चौसष्टवर आलो, काटा तिथंच.
कामठीच्या निनाव्यांना फोन झाले,
केबल बदलली, सोल्डर बदललं,
मग तोंड बदललं.
चौथ्या दिवशी मी वाळलेले कपडे काढत होते,
झटक्यानं चादर ओढली, तार हलली
आणि स्टुलावरचा काटा दचकला.
पुन्हा हलवली. पुन्हा दचकला.
"अहो, ही वाळवणाची तार खाते तुमचं."
टाकीपासून कठड्यापर्यंत, लोखंडी, ह्यांनीच बांधलेली
पराते बिऱ्हाड इथं आलं त्या वर्षी.
हे बघत राहिले. मग पक्कड आणली.
तार तुटली ती गुंडाळी होऊन माझ्या पायाशी आली.
काटा एक पॉइंट दोन.
भिंतीवर पेन्सिलीनं लिहिलं: २६४.
खाली लहान अक्षरात: नायलॉनची दोरी आणणे.

रात्री निनावे ऐकत बसणार होते.
बसले नाहीत, की झोपले.
कोराडीकडून येणाऱ्या हाय टेन्शनची नुसती तळणी,
चकल्या पडाव्यात तशी.
ह्यांनी चार वेळा नाव सांगितलं, गाव सांगितलं, घाम पुसला.

आणि एकदम
तळणीच्या खालून एक माणूस वर आला.
भाषा कोणती, देव जाणे.
शब्द गोल, घाईचे, शेवटी चढणारे,
म्हणजे काही विचारत होता.
आभाळात कधीकधी असं होतं, हे पुटपुटले,
लांबचं इथं येऊन पडतं.
आणि माईक हातात धरून तसेच बसले,
जिभेला काही सुचेना.

मी घेतला.
बोटाला बटण आपोआप सापडलं.
आवाज निघाला तो पगाराच्या दिवसांतला,
सपाट, स्वच्छ, कुणाचाच नसलेला:
"बोला, नागपूर."

तिकडे हसल्यासारखं काहीतरी झालं.
त्यानं एक शब्द दोनदा म्हटला.
नाव असेल. किंवा गाव.
मग खरखर.

मी माईक सोडला नाही.
घड्याळात बघून तीन मिनिटं भरू दिली.